अलिबागला लोखंड चालत नाही

१.
अलिबागची चुंबकीय वेधशाळा पोरबंदरच्या दगडात बांधलेली आहे. अवतीभवती सह्याद्रीचा काळा पाषाण हवा तेवढा, तरी दगड आला सौराष्ट्रातून. काळ्या पाषाणात लोहाची खनिजं असतात आणि तो स्वतःच मंद चुंबक असतो. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं तर भिंतीने मध्ये बोलून चालत नाही.

२.
हे मोजमाप मूळचं मुंबईचं. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापली आणि चुंबकीय नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. मुंबईत १८७४ पासून ट्राम होती, पण ती घोडे ओढत आणि घोड्यांमुळे सुई हलत नाही. पुढे विजेच्या ट्रामचं ठरू लागलं. रुळांतून जमिनीत झिरपणारा वीजप्रवाह कुलाब्याच्या नोंदी नासवणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी ओळखलं. या पदावरचे ते पहिले भारतीय. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुनी मालिका आणि नवी मालिका एकमेकींना सांधता यावी म्हणून.

विजेची पहिली ट्राम मे १९०७ मध्ये धावली. शेवटची ट्राम मार्च १९६४ मध्ये. अलिबागच्या नोंदी चालू आहेत.

३.
ग्रिनिचलाही हेच झालं. विजेच्या रेल्वेमुळे तिथलं चुंबकीय काम १९२४ मध्ये सरे परगण्यात अॅबिंजरला गेलं आणि १९५७ मध्ये तिथूनही उठून डेव्हनच्या किनाऱ्यावर हार्टलंडला.

४.
अलिबागला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची तीव्रता भरते सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला. आकडा भारदस्त वाटतो. एमआरआयचं नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं असतं, म्हणजे याच्या सुमारे ३५ हजारपट. त्या यंत्रात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि उठून घरी जातो.

५.
उत्तरेला डोकं करून झोपू नये, याला हल्ली चुंबकत्वाचं कारण जोडलं जातं. ही रीत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या शोधाहून जुनी आहे. ज्याला पाळायची त्याने रीत म्हणून पाळावी. विज्ञानाच्या नावावर ती खपवू नये. त्यात रीतीचंही भलं नाही आणि विज्ञानाचंही नाही.

६.
सुई फक्त उत्तर-दक्षिण दाखवते असं आपण शाळेत शिकतो. मोकळी टांगली तर ती खालीही झुकते. अलिबागला क्षितिजाच्या खाली सुमारे २६ अंश, लंडनला ६६, चुंबकीय ध्रुवावर सरळ उभी. लंडनच्या रॉबर्ट नॉर्मनने हा झुकाव मोजून १५८१ मध्ये छापला. तो खलाशीही होता आणि होकायंत्रं बनवणारा कारागीरही. सुईचं एक टोक सारखं खाली जाई, म्हणून तोल साधायला तो ते कापत असे. कापता कापता त्याला वाटलं, हे खाली जाणं दोष नसेल, हीच बातमी असेल.

आजही होकायंत्र बनवणारे जगाचे पट्टे पाडतात आणि ज्या पट्ट्यात ते विकायचं त्या हिशोबाने सुईला वजन लावतात. युरोपासाठी तोललेलं होकायंत्र ऑस्ट्रेलियात तबकडीला घासतं.

७.
झुकाव शून्य होतो ती रेषा म्हणजे चुंबकीय विषुववृत्त. ती भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. म्हणून तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा हे मच्छीमारांचं गाव अग्निबाण सोडायला निवडलं गेलं. या रेषेच्या डोक्यावर, जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक अरुंद प्रवाह वाहतो आणि विक्रम साराभाईंना तो तपासायचा होता. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिला अग्निबाण उडाला. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पत्ता चुंबकाच्या सुईने ठरवला.

८.
पोर्तुगीज दर्यावर्दी दों जुआंव द कास्त्रो १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला निघाला. वाटेत सूर्याची सावली आणि सुई यांची तुलना करत त्याने सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे ४३ वेळा मोजलं. एकदा आकडे जुळेनात. शोधल्यावर दिसलं, जवळची तोफ सुईला ओढते आहे. जहाजावरचं लोखंड होकायंत्राला फसवतं, याची ही फार जुनी नोंद.

मग तो गोव्याहून दीवकडे निघाला. वसईच्या बाजूला सुई पुन्हा वेड्यासारखी वागू लागली. इथे तोफ नव्हती. त्याने दोष दिला खडकांना, आणि तो बरोबर होता. सह्याद्रीच्या पाषाणाचा चुंबकपणा कागदावर आला तो असा, एका दर्यावर्दीच्या रोजनिशीत, मूस यांच्या साडेतीनशे वर्षं आधी.

कास्त्रो पुढे गोव्याचा कारभारी झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. इतिहासाची पुस्तकं त्याच्या दीवच्या लढाईबद्दल पानंच्या पानं लिहितात.

९.
गडावर गेलात तर होकायंत्र कातळावर ठेवू नका. छातीच्या उंचीवर धरा आणि दोन पावलं सरकून पुन्हा बघा. उघड्या माथ्यावर वीज पडलेली असते आणि विजेच्या प्रवाहाने तिथला कातळ नव्याने चुंबकित झालेला असतो.

१०.
मुंबईत सुईची उत्तर आणि भूगोलाची उत्तर यांत सध्या एक अंशाचाही फरक नाही. सिॲटलला तो १५ अंशांच्या आसपास, पूर्वेकडे. केप टाउनला पंचविसेक अंश, पश्चिमेकडे. मुंबईच्या मुलाला हा धडा पुस्तकातूनच शिकावा लागतो, त्याची सुई त्याला शिकवत नाही.

११.
सुईचं उत्तर टोक जिकडे ओढलं जातं तिथे, चुंबकाच्या हिशोबाने, दक्षिण ध्रुव आहे.

१२.
विमानात खिडकीची जागा मिळाली की मी धावपट्टीवर रंगवलेला आकडा बघतो. मुंबईच्या मोठ्या धावपट्टीच्या एका टोकाला ०९, दुसऱ्याला २७. म्हणजे ९० अंश आणि २७० अंश, पूर्व आणि पश्चिम, शेवटचं शून्य गाळून. हे अंश नकाशाच्या उत्तरेपासून मोजलेले नसतात, सुईच्या उत्तरेपासून असतात. सुई सरकली की आकडा पुसून नवा रंगवावा लागतो. अलास्कातल्या फेअरबँक्सला २००९ मध्ये, फ्लोरिडातल्या टँपाला २०११ मध्ये तसं करावं लागलं. काँक्रीट जागेवरच होतं.

१३.
जेम्स क्लार्क रॉस १ जून १८३१ ला उत्तर चुंबकीय ध्रुवावर पोचला. जागा कॅनडाच्या उत्तरेला, बूथिया द्वीपकल्पावर. त्याने तिथे दगडांचा ढीग रचून खूण केली. ध्रुव तिथून केव्हाच निघून गेला. आता तो आर्क्टिक महासागरात आहे आणि सायबेरियाकडे चालला आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वेग वर्षाला पन्नास किलोमीटरांच्या वर गेला होता, अलीकडे मंदावला आहे. जहाजं, विमानं आणि फोन ज्या जागतिक चुंबकीय प्रारूपावर चालतात ते दर पाच वर्षांनी बदलतं. २०१५ चं प्रारूप मात्र २०२० पर्यंत टिकलं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत, मुदतीआधीच, दुरुस्त आवृत्ती काढावी लागली.

१४.
कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी कऱ्हाडच्या बाजूला तीन किलोमीटर खोल विवर खणलं आहे. रशियातलं कोला इथलं विवर १२,२६२ मीटर. त्याहून खोल, सरळ खाली, माणूस गेलेला नाही.

पृथ्वीचं चुंबकत्व जिथे जन्मतं तो थर सुरू होतो २,९०० किलोमीटरवर.

१५.
तिथे चुंबक नाही, हे लक्षात ठेवायचं. लोखंड ७७० अंश सेल्सिअसला तापलं की त्याचं चुंबकत्व जातं, आणि पृथ्वीच्या गाभ्याचं तापमान हजारांत आहे. बाह्य गाभा आहे वितळलेल्या लोह-निकेलचा. पृथ्वी आतून निवते, मधला घन गाभा सावकाश वाढतो, हलकी द्रव्यं वर येतात, द्रव घुसळला जातो. पृथ्वी फिरते म्हणून त्या घुसळण्याला पीळ पडतो. विजेचा वाहक चुंबकक्षेत्रात हलला की वीज निर्माण होते आणि विजेने चुंबकक्षेत्र निर्माण होतं. एकाने दुसऱ्याला जागं ठेवायचं, असं हे अब्जावधी वर्षं चाललेलं आहे. सायकलच्या डायनॅमोचं तत्त्व तेच, फक्त इथे तारा नाहीत आणि पायडल मारणारी उष्णता आहे.

गाभा निवून गोठला की हे थांबेल. घाई नाही.

१६.
१ सप्टेंबर १८५९, सकाळी. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या डागांची चित्रं काढत होता. सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या मधोमध पांढरा झगमगाट झाला आणि पाच मिनिटांत विझला.

सतरा-अठरा तासांनी, त्या झगमगाटाबरोबर सूर्यावरून सुटलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आलं. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि वादळाने तारेत निर्माण केलेल्या विजेवरच एकमेकांशी बोलणं चालू ठेवलं. क्यू आणि ग्रिनिच इथली नवी, फोटोच्या कागदावर रेघ काढणारी यंत्रं होती. रेघ कागदाबाहेर गेली.

कुलाब्याला यंत्र जुनं होतं. माणूस दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहीत असे. एरवी तासातासाने, सुई अस्वस्थ झाली की पंधरा मिनिटांनी, फारच झाली की पाच मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी, अकराच्या सुमारास, कुलाब्याचा आकडा सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळला. वहीत तो आहे.

१७.
ती वही दीडशे वर्षांनी उपयोगी पडली. ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि ॲलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींवरून त्या वादळाचं मोजमाप २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. अंदाज यावा म्हणून दुसरा आकडा सांगतो, जरी दोन्ही मापं नेमकी एका पद्धतीची नाहीत: १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्विबेकचे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. त्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला.

आजच्या प्रत्येक उपग्रहाचा आणि वीजवाहिन्यांच्या जाळ्याचा विमा काढताना ‘वाईटात वाईट काय होईल’ हा प्रश्न निघाला की १८५९ चं नाव निघतं, आणि त्यामागे कुलाब्याची ती पानं उभी असतात. आकडा वाचणाऱ्याने त्या सकाळी ‘यंत्र बिघडलं’ असं समजून वही मिटली असती तर? त्याने मिटली नाही. पाच मिनिटांनी पुन्हा वाकून पाहिलं आणि लिहिलं. मला कॅरिंग्टनइतकाच हा माणूस मोठा वाटतो.

१८.
आदित्य एल-१ श्रीहरिकोट्याहून सूर्याच्या पाळतीवर निघालं: २ सप्टेंबर २०२३, सकाळी ११ वाजून ५० मिनिटं. त्याच्याबरोबर सहा मीटर लांब दांडीवर बसवलेला चुंबकत्वमापक आहे. दांडी एवढी लांब का? यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वापासून दूर राहायला.

१९.
४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात ध्रुवीय प्रकाश मुंबईहून दिसला.

२०.
१० आणि ११ मे २०२४. लडाखमध्ये हानले इथे आकाश लाल झालं. फोटो भारतभर फिरले. त्याच दोन दिवसांत अमेरिकेच्या मध्यभागात पेरणीचे ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. हे ट्रॅक्टर जीपीएसवर सेंटीमीटरच्या हिशोबात सरळ तास धरतात. वादळाने उपग्रहाच्या संदेशांना वाकवलं आणि ट्रॅक्टरला आपलीच सरी सापडेना.

२१.
फ्रँकफर्टमध्ये १९६० च्या दशकात वोल्फगांग विल्ट्शको यांनी युरोपियन रॉबिन पक्षी पिंजऱ्यात ठेवले. आकाश दिसत नव्हतं, तारे नाहीत, सूर्य नाही. स्थलांतराचा हंगाम आला की पक्षी योग्य दिशेला झेपावू लागले. पिंजऱ्याभोवती तारांची वेटोळी लावून चुंबकीय उत्तर फिरवली. पक्षी फिरले.

१९७२ चा निष्कर्ष याहून चकित करणारा होता. रॉबिनला उत्तर आणि दक्षिण कळतच नाही. त्याला कळतो झुकाव, म्हणजे नॉर्मनने मोजलेला तो खाली जाणारा कोन. एका बाजूला ध्रुव, दुसऱ्या बाजूला विषुववृत्त, एवढंच तो ओळखतो आणि तेवढ्यावर युरोप ओलांडतो. शिवाय हे त्याला उजेडाशिवाय जमत नाही. निळ्या-हिरव्या प्रकाशात जमतं, लाल प्रकाशात नाही. डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर संशयाचं बोट आहे. तसं असेल तर पक्षी उत्तर बघत असावा.

२२.
जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात मात्र रॉबिनना काही केल्या दिशा सापडेना. लाकडी खोपट्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून जमिनीत अर्थिंग दिलं, आणि दिशा सापडू लागली. पत्र्याचं अर्थिंग काढलं की पुन्हा हरवली. दोष शहरातल्या विजेच्या उपकरणांतून आणि रेडिओतून सुटणाऱ्या मंद लहरींचा होता. वर्षानुवर्षं तपासून २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

रॉबिनला अलिबागला जाता येत नाही.

२३.
फोनमधला कंपास बिघडला की फोन आपल्याला हवेत आठाचा आकडा काढायला सांगतो. हे शोभेचं नाही. फोनच्या आतल्या स्पीकरमध्ये आणि झाकणात स्वतःचे चुंबक असतात. फोन सगळ्या दिशांना फिरवला की बरोबर फिरणारं चुंबकत्व कोणतं आणि बाहेर स्थिर असणारं कोणतं, हे त्याला वेगळं काढता येतं. ‘माझ्यातलं किती आणि जगातलं किती’ हा हिशोब कास्त्रोने तोफ शोधताना केला होता.

घराची दिशा बघायला लोक हाच फोन फरशीवर ठेवतात. फरशीखाली स्लॅबच्या लोखंडी सळया असतात.

२४.
फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघालेलं लॉगरहेड कासवाचं पिल्लू समुद्रात शिरतं आणि अटलांटिकच्या महाप्रवाहाबरोबर काही वर्षं फिरतं. प्रवाहाच्या बाहेर पडलं तर थंडीने मरतं. केनेथ लोमन आणि सहकाऱ्यांनी कधी समुद्र न पाहिलेली पिल्लं हौदात सोडली, आणि भोवतीच्या वेटोळ्यांतून महासागराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतलं चुंबकक्षेत्र एकेक करून तयार केलं. प्रत्येक कोपऱ्यात पिल्लं अशा दिशेला पोहली की खऱ्या समुद्रात ती प्रवाहातच राहिली असती. २००१ मध्ये छापून आलं. नकाशा जन्मजात आहे, आणि तो वाचायला हौद पुरतो.

मोठी झाल्यावर माद्या अंडी घालायला परत येतात, जन्मल्या त्याच भागात. पण चुंबकक्षेत्र तर सरकत असतं. मग? जे. रॉजर ब्रदर्स आणि लोमन यांनी फ्लोरिडाच्या १९ वर्षांच्या नोंदी तपासल्या. किनाऱ्यावर चुंबकीय रेषा एकमेकींजवळ सरकल्या तिथे घरटी दाट झाली, लांब गेल्या तिथे विरळ. कासव जागेवर परत येत नाही, चुंबकीय खुणेवर येतं. खूण सरकली की तेही सरकतं.

२५.
ओडिशात गहिरमाथ्याला मार्च २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या परांना खुणेची पट्टी लावली. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना दिसली. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या माद्या आपापला किनारा सोडत नाहीत, असा समज होता.

गुहागरच्या कासवमित्रांनी तिची अंडी सांभाळली. पिल्लं कोकणात जन्मली. आता त्यांची खूण कोणती?

२६.
सगळ्यात लहान होकायंत्र. मॅसॅच्युसेट्समध्ये वुड्स होलच्या चिखलात रिचर्ड ब्लेकमोर यांना असे जिवाणू दिसले जे सूक्ष्मदर्शकाखाली सगळे एकाच बाजूला पळत. चुंबक जवळ नेला की वळत. १९७५. प्रत्येकाच्या पोटात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ. त्यांना उत्तरेला काही काम नसतं. त्यांना खाली जायचं असतं, चिखलाकडे, जिथे प्राणवायू कमी. उत्तर गोलार्धात चुंबकीय उत्तर खाली झुकते, म्हणून उत्तरेला पोहलं की खाली जाता येतं. दक्षिण गोलार्धातले त्यांचे भाऊबंद दक्षिणेला पोहतात.

२७.
सह्याद्रीचा लाव्हा निवला तेव्हा त्या काळच्या पृथ्वीचं चुंबकक्षेत्र त्याच्यात गोठून बसलं. दिशाही आणि झुकावही. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे दगड नेऊन मोजले. ते दगड सांगत होते की आम्ही विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला जन्मलो. १९५६ मध्ये हे छापलं गेलं. भूखंड सरकतात हे तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक मानत नव्हते. महाबळेश्वरचा कडा आज साधारण १८ अंश उत्तरेला आहे आणि त्याच्या पोटातली सुई आपण दक्षिण गोलार्धात असल्याचं सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांत भारत तेवढा वर आला.

आणखी एक. घाटातल्या या थरांपैकी बहुतेक उलटे आहेत, म्हणजे तेव्हा सुईचं उत्तर टोक दक्षिणेला वळलं असतं. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत एका पातळीला ते सुलटे होतात. पृथ्वीचे ध्रुव उलटले ती घटना कड्यात एका रेषेसारखी आहे. डोळ्याला दिसत नाही, खालचा पाषाण काळा आणि वरचाही काळा. डायनोसॉर संपले ते याच उलट्या काळात.

२८.
शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा माणसाचे पूर्वज पृथ्वीवर होते. ते राहिले. ध्रुव उलटताना क्षेत्र काही हजार वर्षं दुबळं होतं, पण जीवाश्मांच्या थरांत प्रत्येक उलथापालथीला मोठा संहार झालेला दिसत नाही. ‘ध्रुव उलटणार, जग बुडणार’ अशा व्हिडिओंना उत्तर म्हणून एवढं पुरे.

ज्यांच्या विजेच्या वाहिन्या आणि उपग्रह आहेत, त्यांनी मात्र दुबळ्या क्षेत्राची काळजी करायला हवी. त्या पूर्वजांकडे यातलं काही नव्हतं.

२९.
मंगळाचं सर्वव्यापी चुंबकक्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी विझलं, आणि त्याची हवाही बहुतेक गेली. सौरवारा ती आजही खरवडतो आहे, हे मेव्हन यानाने मोजलं. पुस्तकात गोष्ट इथे संपते: क्षेत्र गेलं, हवा गेली.

शुक्रालाही स्वतःचं चुंबकक्षेत्र नाही. त्याच्या हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट आहे. मंगळ लहान, गुरुत्व कमी. ते गणितात धरावंच लागतं. चुंबकक्षेत्राचं मोठेपण सांगायला शुक्र लपवायची गरज नाही.

३०.
डच शास्त्रज्ञ याकोब क्ले १९२७ मध्ये जावा ते हॉलंड असा बोटीने प्रवास करताना वैश्विक किरण मोजत गेले. विषुववृत्ताजवळ किरण कमी, उत्तरेला जास्त. पृथ्वीचं क्षेत्र भारित कणांना वळवतं, आणि आपल्या पट्ट्यात सर्वांत जास्त वळवतं. दक्षिण भारत या बाबतीत जगातल्या सर्वांत सुरक्षित छपराखाली आहे.

२२ जून २०१५ ला उटीच्या ग्रेप्स-३ या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगात म्यूऑन कणांचा लोंढा नोंदला गेला. सौरवादळाने छप्पर दोन तास पातळ झालं होतं. उटीत त्या रात्री कुणाला काही जाणवलं नाही.

३१.
ब्राझीलच्या बाजूला, दक्षिण अटलांटिकवर, क्षेत्र सर्वांत दुबळं आहे. हबल दुर्बीण त्या भागावरून जाताना निरीक्षण थांबवते. दिवसातून अनेकदा.

३२.
मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी तपासून, आकडेमोड करून १९१० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापल्या. हे सगळं संगणकाच्या आधीच्या काळात. ट्रामने नोंदी नासण्याआधी जे होतं ते सगळं त्यात आहे.

असं पुस्तक कुणी कोपऱ्यात बसून सलग वाचत नाही. पण मला ते मराठी मुलखात झालेल्या कामांच्या यादीत वरच्या ओळीत हवं आहे, आणि शाळेच्या पुस्तकात मूस यांचं नाव हवं आहे. तेवढी जागा निघेल.

३३.
समुद्रावरच्या जिवाच्या सुरक्षेसाठी केलेला आंतरराष्ट्रीय करार सांगतो की लहानमोठ्या प्रत्येक जहाजावर चुंबकीय होकायंत्र किंवा दिशा दाखवणारं तसंच दुसरं साधन हवं, आणि ते विजेवर अवलंबून नसावं. जहाजावर दोन जीपीएस असोत, जायरो-होकायंत्र असो, चार संगणक असोत. ते हवंच, दिशा वाचता येईल अशा जागी, आणि होकायंत्र असेल तर लोखंडापासून लांब.